पाणी कुठवर आले?

पावसाळ्यात आमच्या नाशकात दोन माणसे रस्त्यात भेटली, की एकमेकांची खुशाली विचारण्याआधी ती गंगेची विचारतात. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची वर्दी आली, की जो तो विचारू लागतो, "पाणी कुठवर आलं?" याचे उत्तर फुटांत किंवा मीटरांत कोणी देत नाही. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती उभी आहे, तिच्या अंगावरून आम्ही पूर मोजतो. मारुतीच्या पायाला पाणी लागले, म्हणजे काळजी नाही. गुडघ्यापर्यंत आले, की सराफ बाजारातले व्यापारी दुकानाबाहेर येऊन उभे राहतात. कमरेच्या वर चढले, की माल हलवायची धावपळ सुरू होते. २००८ च्या आणि २०१९ च्या पुराच्या गोष्टी सांगतानाही आमची मंडळी मारुती किती बुडाला होता तेच सांगतात.

नदीची एवढी चौकशी करणाऱ्या या गावात, आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर, एका मुलाच्या गळ्याशी पाणी आले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. दिवाळीच्या अंकात हा विषय काढावा की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. शेवटी असे वाटले, की वसतिगृहांतून आणि भाड्याच्या खोल्यांतून राहणारी मुले ज्या आठवड्यात घरी येतात, त्याच आठवड्यात हे बोललेले बरे.

मी एका शाळेत तीसएक वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालो. मुले आपापल्या संसाराला लागली, तेव्हा वरची खोली आम्ही विद्यार्थ्यांना देऊ लागलो. ही हकिगत दोन-तीन वर्षांपूर्वीची. निफाडकडचा एक मुलगा खोलीत राहायला होता. घरची द्राक्षबाग, घरात डॉक्टर व्हायला निघालेला हा पहिलाच. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत पहिल्या खेपेला गुण कमी पडले, म्हणून वडिलांनी दुसऱ्या खेपेसाठी त्याला क्लास लावून दिला होता. मुलगा शांत, नम्र, भाडे वेळेवर देणारा. "अगदी आदर्श मुलगा हो!" असे मी शेजाऱ्यांना सांगत असे. आता वाटते, की आपल्याला ज्याचा काही त्रास होत नाही, त्यालाच आपण आदर्श म्हणतो.

श्रावणातल्या एका संध्याकाळी तो जिन्यात थांबला आणि म्हणाला, "काका, तुम्हाला कधी असं वाटलंय का, की काहीच नको? म्हणजे अगदी काहीच?"

या प्रश्नाचे मी काय केले ते सांगायला लाज वाटते, पण सांगितले पाहिजे. मी त्याला जिन्याच्या पायरीवर बसवले आणि माझे बालपण सांगितले. कंदिलाच्या उजेडात केलेला अभ्यास, शाळेपर्यंतची तीन मैलांची पायपीट, अर्ध्या किमतीत घेतलेली जुनी पुस्तके, एका सदऱ्यावर काढलेले वर्ष. "आणि तुम्हाला तर आज सगळं हाताशी आहे. मन खंबीर कर. असले विचार रिकाम्या डोक्यात येतात." वीस मिनिटे मी बोलत होतो. मुलगा ऐकत होता. शेवटी तो हसला, "हो काका" म्हणाला आणि वर गेला. दार लागल्याचा आवाज आला. आपण एका तरुणाला धीर दिला, या समाधानात मी त्या रात्री चांगला झोपलो.

तीन दिवसांनी आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, त्याचा मेसचा डबा जसाच्या तसा परत जातोय." मी म्हटले, "नसेल आवडत भाजी." माझ्या या उत्तराकडे तिने लक्ष दिले नाही. मेथीची जुडी आणि परात घेऊन ती वर गेली आणि त्याच्या खोलीच्या उंबऱ्याशी भाजी निवडीत बसली. मी खालून ऐकत होतो. बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. मग तिने विचारले, "झोप लागते का रे?" पुन्हा शांतता. "जेवण जात नाही का?" आणि नंतर, मी कानांवर हात ठेवावेत असा प्रश्न तिने अगदी साध्या आवाजात विचारला, "जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?"

माझ्या छातीत धस्स झाले. असले काही विचारून मुलाच्या मनात नसलेली गोष्ट आपण भरवून देऊ, अशी माझी समजूत होती. ती चुकीची आहे हे मला पुढे कळले. मानसोपचार जाणणारे आज एकमुखाने सांगतात, की असे सरळ आणि मायेने विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. ज्याच्या मनात तो आधीच आहे, त्याला मात्र आपले ओझे खाली ठेवायला जागा मिळते. त्या दिवशी तेच झाले. आतून रडण्याचा आवाज आला आणि मग मुलगा बोलू लागला. परातीतली मेथी केव्हाच निवडून झाली होती. ही तशीच बसून राहिली. त्या रात्री आम्ही त्याला एकट्याला झोपू दिले नाही. तो हो म्हणाल्यावर त्याच्या वडिलांना फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी तिघे मिळून त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

तेव्हापासून मी एका प्रश्नाचा विचार करतो आहे. हिने केले आणि मी केले नाही, ते नेमके काय?

मी त्या मुलाशी वाईट वागलो नव्हतो. उपदेश केला तो चांगल्या हेतूनेच. तथापि, तो मी कोणासाठी केला, हे स्वतःला विचारले तेव्हा उत्तर फारसे शोभादायक आले नाही. माझे कष्ट मी त्याच्यापुढे मांडले, ते मला माझे कष्ट आवडतात म्हणून. म्हाताऱ्या माणसाला आपल्या गेलेल्या दारिद्र्याइतके प्रिय दुसरे काही नसते. मुलाने आपले दुःख दाखवायला काढले आणि मी त्याच्यावर माझे दुःख मांडून ठेवले. त्याचे खाली झाकून गेले.

शिवाय या तुलनेत एक अन्यायही आहे. माझ्या लहानपणी गरिबी होती खरी, पण ती आळीभर होती. फाटका सदरा घालून जाणारा मी वर्गात एकटा नव्हतो. या मुलाची अडचण वेगळी. त्याच्यासारखे लाखो जण आहेत आणि त्यांतला प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटा आहे. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या त्या परीक्षेस देशभरातून २३ लाखांवर मुले बसली, एम.बी.बी.एस.च्या जागा लाखाच्या थोड्या वर. सगळ्यांनी कितीही अभ्यास केला, तरी वीसांतल्या एकोणीसांच्या पदरी जागा पडणारच नाही. हा गणिताचा हिशेब झाला. पण मुलगा घरी येतो तो गणितात हरून येत नाही, आपण कमी पडलो अशा भावनेने येतो. आणि आपणही त्याला तसेच वागवतो. एका आकड्याला आपण चारित्र्य चिकटवून टाकले आहे.

'मन खंबीर कर' या वाक्यातही हाच घोटाळा आहे. मुलाला टायफॉइड झाला तर आपण 'शरीर खंबीर कर' असे म्हणत नाही. ताप हा दोष नव्हे, हे आपल्याला पटलेले आहे. मनाच्या तापाच्या बाबतीत मात्र आपण वैद्याऐवजी न्यायाधीश होतो. त्या मुलाचे वडील संध्याकाळच्या एस.टी.ने आले, तेव्हा प्रथम तेही असेच बोलले. "काय कमी केलं आम्ही याला?" रात्री जेवणे झाल्यावर ओटीवर बसून ते हिला बागेविषयी सांगत होते. डावणीचे डाग पानावर नीट दिसेपर्यंत वाट पाहिली तर उशीर होतो. रोज सकाळी हिंडावे लागते. "पान उलटून बघावं लागतं, ताई. वरून हिरवंच दिसतं." एवढे बोलले आणि एकदम गप्प झाले. पुढे कोणीच काही बोललो नाही. वेलीवर रोग आला, म्हणून ज्याने जन्मात कधी वेलीला दोष दिला नाही, असा तो माणूस. मुलाला दोष देणे त्याने त्या रात्री सोडले.

कायद्यानेही ही वाट उशिरा का होईना, चालून काढली आहे. १८६० च्या दंडसंहितेप्रमाणे जीव देऊ पाहणारा आणि त्यातून वाचलेला माणूस गुन्हेगार ठरत असे. त्याला वर्षापर्यंतची कैद सांगितली होती. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ च्या मे महिन्यात अंमलात आला, आणि अशा माणसाच्या मनावर असह्य ताण होता असे गृहीत धरून त्याची शुश्रूषा करणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्याय संहितेत ते जुने कलम सरसकट गुन्हा म्हणून उरलेच नाही. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना समुपदेशक नेमण्यास सांगितले. १६४ वर्षांनी का होईना, सरकार न्यायाधीशाच्या खुर्चीवरून उठले. आपल्या घरातली ती खुर्ची अजून रिकामी झाली आहे का, हे ज्याचे त्याने पाहावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांनी त्या वर्षी आपले आयुष्य संपवल्याची नोंद आहे आणि राज्यांच्या यादीत आपला महाराष्ट्र पहिला आहे. एरवी गुणवत्ता यादीत आपला मुलगा पहिला यावा म्हणून धडपडणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी या यादीकडेही एकदा पाहायला हवे.

मी मराठीचा शिक्षक. कुसुमाग्रज आमच्या नाशिकचे. त्यांची 'कणा' ही कविता मी कितीतरी वर्गांना शिकवली. पुराने घर धुऊन नेलेला जुना विद्यार्थी पावसात भिजून सरांकडे येतो, ती कविता. शेवटी त्याला 'लढ' हा शब्द हवा असतो, हे सगळ्यांना पाठ आहे. मुलांना धीर द्यायचा म्हटला, की आपण तो शब्द काढून देतो. मीही जिन्यात तेच केले. पण ही कविता मी पुन्हा काढून वाचली, तेव्हा इतक्या वर्षांत न दिसलेली गोष्ट दिसली. त्या कवितेत सर जवळजवळ बोलतच नाहीत. बोलतो तो विद्यार्थी. सरांचा हात एकदा चुकून खिशाकडे जातो. तेव्हा विद्यार्थीच त्यांना सांगतो, की आपण पैशासाठी आलो नाही, एकटेपणा वाटला म्हणून आलो. मग तो मागतो तो आधी पाठीवर हात, आणि मगच तो शब्द. आम्ही शिक्षकांनी आणि आईबापांनी मधले सारे गाळून शेवटचा शब्द तेवढा उचलला. ज्याचे बोलणे आपण ऐकलेले नाही, त्याला 'लढ' म्हणणे म्हणजे पाणी कुठवर आले हे न पाहता 'पोह' म्हणण्यासारखे आहे.

तरी तो विद्यार्थी भाग्यवान, कारण तो आपण होऊन आला. जो येत नाही, दार लावून घेतो, त्याचे काय करायचे? याचेही उत्तर आपल्या घरात आहे. नाशिकपासून तीसएक किलोमीटरांवर त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी आहे. पौषात तिथे वारी भरते. त्या चार पोरक्या भावंडांची एक कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. लोकांनी केलेल्या अपमानाने ज्ञानेश्वर कष्टी झाले आणि झोपडीची ताटी लावून आत बसले. ज्यांच्या ज्ञानाला तोड नव्हती, त्यांच्यावरही अशी वेळ आली, हे परंपरेने लपवून ठेवले नाही. आणि दार उघडायला कोण आले? सर्वांत धाकटी मुक्ताबाई. तिचे ताटीचे अभंग प्रसिद्ध आहेत. त्यांत उपदेश आहे, नाही असे नाही. पण उपदेश करून ती निघून गेली नाही. एका अभंगाने दार उघडले नाही तर दुसरा, दुसऱ्याने नाही तर तिसरा, अशी ती ताटीशीच उभी राहिली. मी वीस मिनिटे बोलून झोपायला गेलो. मेथीची जुडी घेतलेली बाई उंबऱ्याशी बसून राहिली. आम्हा दोघांत फरक होता तो इतकाच, आणि माझ्या मते यात सगळे आले.

आता कोणी म्हणेल, की मग काय, मुलगा जरा उदास दिसला की त्याला डॉक्टरकडे न्यायचे? घराचे इस्पितळ करायचे? हा आक्षेप खोटा नाही. परीक्षेत गुण कमी पडले तर चार दिवस वाईट वाटणे, हा आजार नव्हे. वाईट वाटले नाही तरच नवल. उदासीला सरसकट रोगाचे नाव देणे हीसुद्धा मुलांची एक प्रकारची हेळसांड होईल. पण जाणकारांनी एक साधी खूण सांगितली आहे. दोन आठवडे उलटले, रोज दिवसभर तेच मळभ आहे, आवडीच्या गोष्टींतला रस गेला आहे, झोप आणि भूक बिघडली आहे, तर ती उदासी आता स्वभावातली राहिली नाही. तिला जाणत्या माणसाची गरज आहे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार बोलून दाखवला, तर मात्र एक दिवसही थांबू नये. तिथे आपल्या मायेवर सगळे सोपवू नये. मायेने दार उघडते. पुढचे काम वैद्याचे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने १४४१६ या क्रमांकावर 'टेली मानस' नावाची फोनसेवा ठेवली आहे. रात्री-बेरात्री, मराठीतूनसुद्धा, पैसे न घेता तिथे बोलता येते. मुलांनी हा क्रमांक लिहून ठेवावा, थोरांनीही ठेवावा.

राहिला तो सर्वांत अवघड प्रश्न. विचारणे हे कर्तव्य ठरले, तर ज्या घरात कोणी विचारले नाही आणि मूल गेले, ती माणसे अपराधी म्हणायची का? असे एखादे घर आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असते, आणि या दिवाळीत त्या दारी आकाशकंदील लागलेला नसतो. माझे उत्तर असे आहे: नाही. मुलांनी आयुष्य संपवण्यामागे एकच एक कारण क्वचितच असते, आणि पुष्कळ विचारूनही, दाराशी रात्ररात्र बसूनही, कधी कधी दार उघडत नाही. कर्तव्याचे तोंड पुढे असते आणि अपराधाचे मागे. जे अजून आपल्या घरात आहेत, त्यांच्यासंबंधी कर्तव्य असते. जो गेला, त्याच्यासंबंधी केवळ दुःख. त्या दुःखात आपण न्यायाधीश म्हणून जाऊ नये, फराळाचा डबा घेऊन जावे आणि थोडा वेळ बसावे. माझ्या बाबतीत दैव बरे, की कर्तव्य चुकलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या घरात दुसरे एक माणूस जागे होते.

तो मुलगा डॉक्टर झाला नाही. ती परीक्षा त्याने पुन्हा दिली नाही. वर्षभर घरी राहिला, औषधे घेतली, आता दुसरे काही शिकतो आहे. सगळे ठीक झाले, असे मी म्हणणार नाही. अजूनही वाईट दिवस येतात, असे तो सांगतो. सांगतो, हे महत्त्वाचे. मधून मधून फोन करतो, तेव्हा ही स्वयंपाकघरातून ओरडून विचारते, "काय रे, पाणी कुठवर आलंय?" पुराची ही भाषा त्या दोघांत केव्हा ठरली, मला ठाऊक नाही. तो कधी म्हणतो, "पायाशी, काकू." मागे एकदा म्हणाला, "आज गुडघ्याच्या वर आहे." त्या दिवशी हिने गॅस बंद केला आणि तासभर फोनपाशी बसली.

या आठवड्यात मुले घरी आली असतील. अभ्यंगस्नान होईल, ओवाळणी होईल, चकल्या बऱ्या झाल्या की बिघडल्या यावर वाद होतील, आणि कोणी तरी पाहुणा हमखास विचारील, "काय मग, किती टक्के?" त्याला विचारू द्यावे. पाहुणे गेल्यावर, निजानीज होण्याआधी, घरातल्या एखाद्याने त्या मुलाच्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन बसावे. हातात निवडायला काही असले तर बरे. घाई नाही असे त्यावरून दिसते.